यशाचं माप ज्याचं त्याने ठरवावं

महोदय,

'यशस्वी कसे व्हाल' छापाच्या लेखांत पद, पगार आणि दुसऱ्याच्या पुढे जाणं म्हणजेच यश, हे गृहीत धरलेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही.

निवृत्तीनंतर मी पोहायला शिकते आहे. शेजारच्या पट्ट्यातून शाळकरी मुलं सपासप पुढे निघून जातात; त्यांच्याशी बरोबरी करायची तर मी पाण्यात उतरायलाच नको. माझं ध्येय एवढंच, की श्वास घेताना डोकं वर न उचलता नुसतं बाजूला वळवायचं. डोकं उचललं की कंबर खाली जाते, पाय बुडतात, दम लागतो. कित्येक आठवडे मी तेवढंच घोटलं. डावीकडचा श्वास आता बसलाय, उजवीकडचा अजून अडखळतो. हे मला यशच वाटतं.

ठोस माप नसेल तर माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, असं मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं. म्हणून आपलं माप आपणच आणि नेमकं ठरवायला हवं. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या व्हायोलिनवादकांवरच्या १९९३च्या अभ्यासातून लोकांनी 'दहा हजार तास सराव केला की प्रावीण्य येतं' हा आकडा तेवढा उचलला. खरा भर होता तो कच्च्या जागा हेरून एकट्याने केलेल्या सरावावर आणि पुरेशा विश्रांतीवरही!

निकालाच्या दिवसांत आपण गुणवंतांचे फोटो छापता, जरूर छापा. पण गेल्या वर्षी नापास होऊन यंदा पास झालेल्यांनाही तेवढीच जागा द्या, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त लेखनिक