ब्रुअरीतली नोकरी: चार स्टार कोणी दिले तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या बिअर कंपन्यांमधल्या लोकांना आपली नोकरी कशी वाटते यावर तुमच्या करिअर पुरवणीत लेख आला होता तो वाचला. पगार बरा, ब्रँड मोठा, वातावरण मोकळं, वर बिअर फुकट, आणि एकूण पाचपैकी चार स्टार, असा सगळा सूर. मी एका मोठ्या ब्रुअरीत पॅकेजिंगला बरीच वर्षं काढलीत (नाव लिहीत नाही, ओळखीची माणसं अजून तिथे आहेत) म्हणून म्हटलं लिहावं. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर लावा, पण ठेकेदाराच्या माणसांबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा.

चार स्टार खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ब्रूहाऊस, फर्मेंटेशन आणि लॅबमधल्या लोकांना विचारलंत तर ते साडेचारही देतील, कारण ते काम खरंच माणसाला धरून ठेवतं. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दळून ६५ डिग्रीच्या आसपास पाण्यात मुरवायचं, गाळून निघालेला गोड रस म्हणजे वर्ट, तो हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) टाकून उकळायचा, थंड करून यीस्ट (साखरेची दारू करणारे सूक्ष्मजीव) सोडायचं, हे आता सगळं स्क्रीनवर चालतं, व्हॉल्व्ह आपोआप उघडतात मिटतात, पण यीस्ट जिवंत आहे आणि कधी कधी ते स्क्रीनचं अजिबात ऐकत नाही, मग रात्री अडीचला टँकचं तापमान डिग्रीभर वाढवायचं की अजून थांबायचं हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं. असं ठरवायला मिळतं म्हणून लोक टिकतात, फुकट बिअरसाठी कोणी टिकत नाही.

चाखण्याच्या कामाबद्दल पण तुमच्या लेखात गंमत केलीये. सेन्सरी पॅनेलवर, म्हणजे बिअर चाखून तपासणाऱ्यांत, बसायचं तर सकाळी जेवणाआधी बसायचं, त्या दिवशी सेंट नाही, कॉफी नाही, तंबाखू तर नाहीच. एकामागून एक ग्लास हुंगायचा, घोटभर चाखायचा, मार्क लिहायचे. लोण्यासारखा वास आला तर डायअ‍ॅसिटिल, उकडलेल्या मक्यासारखा आला तर डीएमएस (ही दोन्ही बिअर बनताना तयार होणारी रसायनं, जास्त झाली की चव बिघडवतात), ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागली तर बिअर जुनी झालीये. मधेच एखादा ग्लास मुद्दाम बिघडवून ठेवलेला असतो, तुमचं नाक तपासायला. हे रोज करून बघा आणि मग मला सांगा पार्टी कुठे आहे त्यात.

आणि हुशार माणसाला इथे अभिमान वाटावा असा इतिहास पण आहे. कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, त्याच लॅबमध्ये सोरेनसेनने १९०९ ला पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायच्या मापाची, कल्पना मांडली. डब्लिनच्या गिनेसमध्ये विल्यम गॉसेट १८९९ ला लागला. थोड्याशाच सॅम्पलवरून कच्च्या मालाबद्दल काय खात्रीने म्हणता येईल हा त्याचा ब्रुअरीतला रोजचा प्रश्न, त्यातून त्याने जी टेस्ट काढली ती आज स्टॅटिस्टिक्स शिकणारा प्रत्येक पोरगा करतो. पण १९०८ ला ते छापताना त्याला स्वतःचं नाव घालता आलं नाही, कंपनीचा नियमच तसा होता, म्हणून 'स्टुडंट' असं टोपणनाव घेतलं. तरी १९३७ ला वारला तोपर्यंत माणूस गिनेसमध्येच होता. त्याला स्टार द्यायला सांगितलं असतं तर मला वाटतं त्यानेही चारच दिले असते. पाचवा कुठे गेला ते कळतंच आहे.

आता पॅकेजिंग हॉलमध्ये या. तुमच्या लेखात हा हॉल नाहीच, आणि कारखान्यातली सगळ्यात जास्त माणसं बघायला गेलं तर इथेच असतात. मोठ्या कॅन लाईनवर तासाला ६० हजार कॅन भरले जातात, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा. काचेच्या बाटल्यांची लाईन असेल तर बाटलीवर बाटली आपटण्याचा आवाज ८५ डेसिबलच्या सहज वर जातो, त्याच्या वर कानाला संरक्षण लागतंच, पण इअरप्लग घातला की शेजारचा काय ओरडतोय ते कळत नाही म्हणून कितीतरी जण एका कानाचा काढून ठेवतात, आणि रिटायर झाल्यावर घरी टीव्ही मोठा लावतात. फरशी कायम ओली. पाश्चरायझरमध्ये (बिअर टिकावी म्हणून भरलेली बाटली गरम करायचं मशीन) बाटली ६० डिग्रीपर्यंत तापते, त्यात एखादी फुटते, काच कुठे गेली ते शोधायचं. टँक आणि पाईप धुवायला गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात, अंगावर उडालं तर कातडी सोलते.

पण एवढं सगळं असून पॅकेजिंगवाल्याची पहिली तक्रार आवाजाची नसते, उष्णतेची पण नसते. पहिली तक्रार शिफ्टची. उन्हाळा म्हणजे सीझन, सीझनला रजा नाही हे ठीक आहे, सगळ्यांना माहीत असतं, पण पुढच्या आठवड्याचा रोस्टर आदल्या संध्याकाळी लागतो तेव्हा माणूस चिडतो. फर्स्ट शिफ्ट संपवून घरी आलो, पोराला सांगितलं उद्या शाळेत येतो, आणि फोन आला की उद्या नाईट करून टाक, माणूस कमी आहे. लाईन थांबली की तीन मिनिटांत चार साहेब येतात, डाऊनटाईम (लाईन बंद राहिलेला वेळ) कोणाच्या नावावर टाकायचा यावर मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनची भांडणं, लेबल लावायचं मशीन अडकलं होतं की लेबलच खराब आलं होतं, आणि तेवढ्या वेळात ते लेबल कोणी तरी हाताने काढून लाईन चालू पण केलेली असते. चांगला सुपरवायझर असला तर हेच काम माणूस वीस वर्षं करतो, वाईट असला तर सहा महिन्यांत दुसरीकडे अर्ज टाकतो. पगार दोघांना सारखाच असतो.

सेफ्टीबद्दल लेखात एक ओळ होती, 'सुरक्षिततेला सर्वोच्च प्राधान्य'. हे वाक्य प्रत्येक गेटवर लिहिलेलं असतं. यीस्ट काम करतं तेव्हा दर १०० लिटर बिअरमागे साधारण ४ किलो कार्बन डायऑक्साईड निघतो. हा गॅस हवेपेक्षा जड, दिसत नाही, टँकच्या तळाशी आणि तळघरात साचून राहतो. साध्या हवेत तो ०.०४ टक्के असतो, आठ तासांच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी ०.५ टक्क्याची मर्यादा आहे, आणि ताजा रिकामा केलेला टँक याच्या कितीतरी पुढे असतो. आत उतरलेला माणूस पडला की वरचा त्याला काढायला धावतो आणि तोही पडतो, या धंद्यातले सगळ्यात वाईट अपघात असेच होतात. म्हणून गॅस मोजायचा मीटर, आत उतरायचं परमिट, बाहेर उभा असलेला माणूस, हे सगळं कागदावर असतं. कामगार कंपनीला मार्क देतो ते पोस्टर बघून देत नाही. टँक धुवायला उशीर झालाय, पुढचा लॉट तयार आहे, साहेब घड्याळ बघतोय, अशा वेळी परमिट पूर्ण होईपर्यंत थांबतात की 'जा रे पटकन' म्हणतात, यावर देतो.

फुकट बिअरचं पण सांगून टाकतो. २०१० च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गचे शेकडो कामगार काम सोडून बाहेर आले, कारण कंपनीने कामाच्या वेळेत बिअर घ्यायची जुनी मुभा काढून फक्त जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये घ्या असा नियम केला. जगभर लोक हसले. मला विचाराल तर नियम बरोबरच होता, फोर्कलिफ्ट आणि बिअर एकत्र नको, आणि बिअर हाताशी असल्यामुळे ज्यांचा तोल कायमचा गेला अशी माणसं प्रत्येक जुन्या ब्रुअरीत सापडतील, त्यांच्याबद्दल स्टारवाले काही लिहीत नाहीत. पण कामगार का चिडले तेही मला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट वरच्या ऑफिसातून एका कागदाने बंद झाली, फ्रिज उचलून नेले, त्यावर चिडले.

वरच्या ऑफिसातून एका कागदाने काय काय होतं हे बिअरवाल्यांना चांगलंच माहीत आहे. २००८ ला बेल्जियमच्या इनबेवने अमेरिकेतली मोठी बिअर कंपनी अनहायझर-बुश ५२ अब्ज डॉलरला घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत सुमारे १,४०० जणांना घरी पाठवायचं ठरलं. मग २०१६ ला सॅबमिलर ही दुसरी मोठी बिअर कंपनी पण गिळली, तो सौदा १०० अब्ज डॉलरच्या घरातला. २०२१ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सच्या हायनेकेनने ८५ हजार माणसांतली ८ हजार कमी करणार म्हणून सांगितलं, कोविडमध्ये बार बंद होते हे खरं आहे, पण ज्याचं नाव यादीत आलं त्याला कारण सांगून काय फरक पडतो. यातल्या काही कंपन्यांत दरवर्षी बजेट शून्यापासून मांडायची पद्धत आहे, मागच्या वर्षी मिळालं म्हणून या वर्षी मिळणार असं काही नाही, प्रत्येक खर्च नव्याने पटवून द्यायचा. मोठ्या साहेबांना पण वेगळी केबिन नाही. पंचविशीतल्या एमबीएला हे लय आवडतं, पटकन वर जाता येतं, तो पाच स्टार देतो. पन्नाशीतला फिटर ज्याला पंपाचं सील मागायला तीन मेल करावे लागतात तो दोन देतो. दोघांची सरासरी काढली की तुमचे साडेतीन-चार येतात, आणि त्या आकड्यासारखं वाटणारा माणूस अख्ख्या कंपनीत एकही सापडत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. पेरोलवरच्या लोकांना निदान दोन स्टार द्यायला तरी मिळतात. परत आलेल्या बाटल्यांचे क्रेट उतरवणारे, त्यातल्या फुटक्या आणि सिगारेटची थोटकं टाकलेल्या बाटल्या वेगळ्या काढणारे, पॅलेट रचणारे, ट्रक भरणारे, हॉल धुणारे, गेटवरचे, ही सगळी ठेकेदाराची माणसं. सर्व्हेची लिंक कंपनीच्या मेलवर येते आणि यांना मेलच नसतो. कंपनीच्या हिशेबात ते कर्मचारी नाहीतच, सेवा पुरवणाऱ्या एजन्सीचे आहेत, हेडकाउंट (कर्मचाऱ्यांचा आकडा) कमी दिसतो, तोच खर्च दुसऱ्या रकान्यात जातो. पण आवाज तोच, फरशी तीच, गॅस पण ओळखपत्राचा रंग बघून चढत नाही. आमच्या हॉलमध्ये एक माणूस होता, आमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या आधीपासून लाईनवर, ठेकेदार तीनदा बदलला, माणूस तोच, दर वेळी नवीन जॉइनिंग, सर्व्हिस शून्यापासून. कन्व्हेयर अडकला की आमचे इंजिनिअर त्यालाच बोलवायचे. 'कामासाठी उत्तम कंपनी' असा बोर्ड मिळाला तेव्हा तो भिंतीवर लावायला शिडी धरून तोच उभा होता, आणि फोटो काढताना त्याला जरा बाजूला हो म्हणाले.

आणि पेरोलवरच्यांचा सर्व्हे पण कसा भरला जातो ते एकदा बघा. किती टक्के लोकांनी भरला हा मॅनेजरच्याच अप्रेझलचा मुद्दा असतो, मग शिफ्ट संपताना कॉम्प्युटरपाशी रांग लावतात, मागे सुपरवायझर, 'भरून टाका रे लवकर, नाव येत नाही त्यात'. नाव येत नाही पण डिपार्टमेंट येतं, वय येतं, किती वर्षं झाली ते येतं, आणि आठ माणसांच्या सेक्शनमध्ये यावरून कोण ते कळायला किती वेळ लागतो. सगळे चार दाबतात. तीन दाबला तर मीटिंग लागते, पाच दाबला तर चमचा म्हणतात. नेटवर जे रिव्ह्यू असतात त्यातले निम्मे नवीन लागलेल्या पोरांनी लिहिलेले, नाही तर नुकत्याच सोडून गेलेल्यांनी रागात. मधली माणसं लिहीतच नाहीत, त्यांना घरी जाऊन झोपायचं असतं, दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट.

तेव्हा पुढच्या वेळी असा लेख छापताना तुमच्या बातमीदाराला एक काम करायला सांगा. एचआरने दिलेल्या कॉन्फरन्स रूममध्ये न बसता दुपारी शिफ्ट सुटते तेव्हा गेटबाहेर उभं राहायचं, आणि ज्यांच्या शर्टावर कंपनीचं नाव नाही त्यांना आधी विचारायचं. आणि या लेखासाठी जे आकडे तुम्हाला मिळाले त्यात उत्तर देणाऱ्यांपैकी ठेकेदाराची माणसं किती होती हा रकाना असेल तर तोही छापा, नसेल तर नव्हता असं छापा.

आपला,
पॅकेजिंगमधला एक जुना वाचक