न फोडलेलं पोतं

गड्या,

तब्येत ठीक. गुडघा तसाच, आईचं बीपी गोळीवर, बाकी सगळे मजेत. झालं तब्येतीचं. उत्तर न दिल्याबद्दल शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. परवा शेड आवरताना मला एक पोतं सापडलं. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली "मग?", सासरे म्हणाले "ठेव जपून, उपयोगी पडेल." तू मात्र वाचल्या वाचल्या कपाळावर हात मारशील, म्हणून तुलाच लिहितोय.

पोतं रिफ्रॅक्टरी मॉर्टरचं आहे, म्हणजे आगीत टिकणाऱ्या, विटा जोडायच्या मालाचं. आणि ते सीलबंद आहे.

मागच्या अंगणातली ती प्रीकास्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तुकड्यांच्या किटची फायरप्लेस, जिचा फोटो बघून तू "घर आहे का स्मशानभूमी" असं लिहिलं होतंस, ती उभी राहिली. धुराड्यासकट. आतून फायरब्रिक, म्हणजे आगीला टिकणाऱ्या विटा, लावून झाल्या, दर्जा भरून झाल्या, मिस्त्रींनी ओल्या फडक्याने पुसूनसुद्धा दिलं. आणि त्या विटा ज्या मालात बसवायच्या त्या मालाचं पोतं शेडमध्ये जसंच्या तसं. मग विटा कशात बसवल्या? साध्या सिमेंट-वाळूत. मी त्या दिवशी ऑफिसात होतो, संध्याकाळी येऊन बघितलं तर सगळं इतकं देखणं दिसत होतं की मी वर त्यांचं कौतुक करून मोकळा.

पायाबद्दल मात्र बोलायचं नाही हं. पाया फर्स्टक्लास. माती काढली, खडी टाकून धुमसली, जाळी बांधून स्लॅब ओतला, जमिनीपेक्षा थोडा वर घेतला म्हणजे पावसाचं पाणी खाली साचणार नाही, घराच्या जोत्याला कुठेही चिकटवला नाही कारण दोन्ही आपापल्या वजनाने बसणार, एक दुसऱ्याला ओढेल. सगळं मिळून टनाच्या वर वजन आहे, अंदाजावर सोडून चालत नाही. लेव्हल मी स्वतः लावून बघितली. फायरप्लेसचे तुकडे प्युमिसच्या काँक्रीटचे, म्हणजे ज्वालामुखीतला तो हलका सच्छिद्र दगड खडी म्हणून वापरलेला, त्यामुळे साध्या काँक्रीटपेक्षा बरेच हलके. तरी एकेक तुकडा दोघांनी उचलायचा. लंबूने पाठ धरली. तो दर वेळी धरतो, काम संपत आलं की.

तोंड कुठल्या दिशेला करायचं यावरून आमच्याकडे आठवडाभर महाभारत झालं. मी वाऱ्याकडे पाठ नको आणि तोंडही नको, वारा बाजूने जाऊ दे म्हणत होतो. बायकोला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवं होतं. शेवटी खिडकी जिंकली, सुदैवाने वाराही फार वाकडा नाही. आणि हो, तुझा तो फायरप्लेसवाला शास्त्रज्ञ रम्फर्ड! हॉस्टेलच्या गच्चीवर तू १७९६ सालच्या त्याच्या निबंधावरून रात्र जागवली होतीस, भट्टी उथळ हवी, बाजूच्या भिंती तिरक्या हव्यात, मागची भिंत अरुंद. मी म्हणालो होतो काय फरक पडतो, आग ती आग. तर या किटमध्ये बाजू तिरक्याच आहेत आणि बाहेर बसल्यावर त्याचा अर्थ कळतो, कारण उघड्यावर हवा तापवून उपयोगच नाही, ती उडून जाते, आपल्याला मिळते ती फक्त समोरून अंगावर येणारी धग. तेवढं तुझं बरोबर होतं. तेवढंच. धुराड्याच्या उंचीचं तुझं गणित अजूनही मला मान्य नाही.

तर पोतं. पोर्टलंड सिमेंट घट्ट झालं की त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं, ते ४०० ते ५०० अंशांच्या आसपास पाणी सोडून देतं आणि मागे चुना उरतो. सुक्या भट्टीत एकवेळ चाललं असतं. पण ही बाहेर आहे रे! पाऊस, दव, दमट हवा. तो चुना परत पाणी पितो, फुगतो आणि सांधा आतून भुसभुशीत होत जातो. वर मालातली वाळू, तिच्यातलं क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम रूप बदलतं आणि फुगतं. मेहुणा म्हणतो उघड्यावर कुठं एवढं तापतंय. अरे, लालभडक निखारा स्वतः सातशेच्या पुढे असतो, आणि मागच्या भिंतीची खालची ओळ त्याला टेकून बसलेली असते! वरच्या ओळींचं मी मान्य करतो, तिथे कदाचित कधीच काही होणार नाही. पण खालचं?

आणि अजून एक आहे, खरं तर झोप त्याने उडालीय. फायरब्रिक आणि बाहेरचं प्रीकास्ट कवच यांच्यात फट ठेवायची होती, सिरॅमिकच्या लोकरीची पट्टी घालून. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, लहान पोराला कळेल असं. मिस्त्रींना ती फट म्हणजे अर्धवट काम वाटलं, त्यांनी ती मालाने गच्च भरून टाकली. मीटरभर विटांची भिंत पाचशे अंशांनी तापली तर जवळजवळ ३ मिमी वाढते. वाचायला काहीच नाही. पण तिला वाढायला जागाच नसेल तर ती कवचाला रेटणार, आणि प्युमिसचं काँक्रीट रेटा सहन करण्यात काही पैलवान नाही. वीट फुटली तर वीट बदलता येते. कवच फुटलं तर वरचं सगळं धुराडं उतरवा.

मग फोडून परत बसव, असं म्हणशील. इतकं सोपं असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं? छिन्नी-हातोडा चालवला तर तोच धक्का कवचाला बसणार, कारण आता दोन्ही एकमेकांना चिकटलेत. म्हणजे फोडलं तर आज तडा जायची भीती, नाही फोडलं तर पहिल्या थंडीत. आणि विचार करायलाही वेळ नाही, सिमेंट थांबत नाही ना! पहिल्या आठवड्यातच ते सुमारे दोन-तृतीयांश ताकद धरतं, २८ दिवसांनी जवळजवळ पुरी. मी रोज रात्री अंथरुणात पडून "उद्या ठरवू" म्हणतो आणि बाहेर तो माल माझ्या वादात मिस्त्रींची बाजू घट्ट करत बसलाय.

मिस्त्री वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवतो. त्यांचा ओळंबा बघशील तर पाया पडशील. "माझ्या मालाला आजवर तडा गेला नाही" म्हणतात आणि ते खरंही असेल, त्यांनी आयुष्यभर भिंती बांधल्या, आग कुणी लावली नाही त्यांना. पोतं का फोडलं नाही विचारलं तर म्हणाले, "त्यात सिमेंटसारखी पकड नव्हती, हातात घेऊन बघितलं." आता काय बोलायचं! वयाने वडिलांएवढे. सासरे त्यांच्याच बाजूचे, दोघं संध्याकाळी त्या स्लॅबवर बसून गप्पा मारतात.

घरच्यांना तर या शनिवारीच पेटवायचीय. मी सांगितलं, ओलावा आत असताना मोठी आग लावली तर पाण्याची वाफ होते, वाफेला सोळाशे-सतराशे पट जागा लागते आणि काँक्रीटचे टवके उडतात, आधी काही आठवडे वाळू द्यायचं, मग पहिल्या आगी काटक्यांच्या, हळूहळू वाढवत न्यायच्या. धाकटी म्हणाली, "बाबा, आग आहे का पेशंट?" सगळे हसले. मीपण हसलो, पण त्या निमित्ताने मला थोडा वेळ मिळाला.

तुला आठवतं, सबमिशनच्या आदल्या रात्री तू पुलाचं मॉडेल मोडलं होतंस? एक सांधा चुकीच्या गोंदाने चिकटवलाय म्हणून. कुणाला दिसलं नसतं, मार्क मिळाले असते, मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही. त्यावर अजूनही माझं म्हणणं तेच आहे, तू तेव्हा माजोरडेपणा केलास, मला न विचारता केलास. पण तू तो सांधा बाकीचं न हलवता कसा काढला होतास ते मला हवंय. ब्लेडने कापलास ना, ठोकला नाहीस? मी विचार करतोय की ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून आधी मागच्या भिंतीचे सांधे कापायचे, एकेक वीट सैल करत वरून खाली यायचं, आणि फटीतला माल सगळ्यात शेवटी लांब पात्याने पोखरायचा. बाजूच्या भिंतींना आत्ता हात लावायचा नाही. ठोकाठोक शून्य. धूळ होईल भयंकर, मास्क आहे. चालेल का हे? का फक्त खालच्या ओळी काढून वरच्या सोडून देऊ?

तुझं काय, नवीन घराचं पझेशन मिळालं का? वहिनींची बदली रद्द झाली असं लंबूकडून कळलं, छान झालं. पोराचा रिझल्ट कळव.

तर ब्लेडचं सांग, आणि शुक्रवारच्या आत सांग. जमलं तर स्वतःच ये, म्हणजे मिस्त्रींना "माझा इंजिनियर मित्र म्हणतोय" असं सांगून सगळं तुझ्या नावावर खपवता येईल. सासऱ्यांचंही तुझ्याबद्दल मत तसंही फार चांगलं नाही, त्यात आणखी काय बिघडणार!

तुझाच,
मी