हसण्यावारी नेलेला अपमान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विनोदाने कुणाच्या तरी भावना दुखावल्या, निषेध झाला, मग 'आमचा तसा हेतू नव्हता' असा खुलासा आला, अशा बातम्या आता वरचेवर वाचायला मिळतात. त्यांवर येणाऱ्या पत्रांत काहींना असे विनोद सरसकट बंद व्हायला हवे असतात, तर काहींच्या मते ज्याला विनोद सोसत नाही त्याने घरी बसावे. मन दुखावणे आणि माणसाचा अपमान करणे या दोन गोष्टी एकच धरल्या जातात, तेथे ही चर्चा फसते असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा निरोप समारंभ होता. नकला करण्यात पटाईत असलेल्या एकाने माइक हाती घेतला. साहेबांची फोनवर बोलण्याची ढब, कुणाचे दर वाक्याआधी घसा खाकरणे, डोक्यावर असलेला चष्मा शोधत माझे टेबलाभोवती फिरणे, अशा नकला झाल्या आणि आम्ही सगळेच मनमुराद हसलो. मग त्याने हिशेब विभागातील एका सहकाऱ्यांची नक्कल केली. हे गृहस्थ बोलताना अडखळतात. विशेषतः 'प' या अक्षरावर त्यांचे मिटलेले ओठ लवकर उघडतच नाहीत. नकलाकाराने तो 'प' तीन-चारदा ओढला, मान ताणली, डोळे घट्ट मिटले. त्या दिवसाचा सर्वांत मोठा हशा तेव्हा पिकला. ते गृहस्थ हसले, त्यांनी टाळ्याही वाजवल्या. मीही हसले. थोड्या वेळाने भाषणासाठी त्यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "तुम्हीच वाचा," एवढेच ते म्हणाले.

मी तो वाचला. त्यात 'परिचय' खोडून 'ओळख' लिहिले होते, 'प्रेम' खोडून 'माया' आणि 'पंचवीस वर्षे' खोडून 'इतकी वर्षे'. चार माणसांसमोर उभे राहून बोलायचे त्यांनी ठरवले होते आणि त्यासाठी वाटेतला एकेक दगड आधीच उचलून बाजूला ठेवला होता.

'पण ते स्वतः हसले ना?' हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले होते की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. हसणे ही पुष्कळदा आपण या घोळक्यातले आहोत असे सांगण्याची रीत असते. ज्याची टिंगल चालली आहे त्याच्यापुढे तर दुसरा मार्गच नसतो, कारण तो रागावला तर आधी त्याचे हसे झालेले असतेच, वर त्याला विनोद कळत नाही असाही शिक्का बसतो. त्याच्या हसण्याला संमती समजणे हा माझ्या मते यातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

मग माझ्या चष्म्याची नक्कल मला का लागली नाही? माझा विसराळूपणा मी स्वतःही चवीने सांगते आणि नकलाकाराला तेथल्या तेथे उत्तर देऊ शकत होते. साहेबांकडे तर पद होते. त्या सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र ज्या गोष्टीशी ते रोज झगडतात तीच चव्हाट्यावर आणली गेली आणि उत्तर द्यायचे तर त्यासाठी त्यांना नेमके बोलावेच लागणार होते. नक्कल तीच, नकलाकारही तोच आणि तो स्वभावाने दुष्टही नाही. तरीही थट्टेची कुचेष्टा झाली ती या ठिकाणी. आपल्या भाषेत थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, हेटाळणी असे वेगवेगळे शब्द आहेत आणि मस्करीची कुस्करी होते हेही आपल्याला पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. वाद घालताना मात्र आपण या साऱ्याला 'विनोद' हे एकच नाव देतो. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील उपहसिताचे वर्णन वाचण्यासारखे आहे: फुललेल्या नाकपुड्या, तिरकी नजर, आखडलेले खांदे आणि मान. त्या दिवशी सभागृहात कुणी छायाचित्र काढले असते तर त्यात आम्ही असेच दिसलो असतो.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये विनोदावर लिहिताना म्हटले होते की बोचऱ्या विनोदाला तीन माणसे लागतात: तो करणारा, ज्याच्यावर तो होतो तो आणि ऐकून आनंद घेणारा. आपली सारी चर्चा पहिल्या दोघांभोवती फिरते आणि तिसरा मोकळा सुटतो. वास्तविक विनोद जमला की नाही हे तोच ठरवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या पुरुषांच्या मनात स्त्रियांविषयी आधीपासूनच आकस होता, ते स्त्रियांना हिणवणारे विनोद ऐकल्यावर महिला संघटनेला कमी मदत देऊ पाहत होते. ज्यांच्या मनात तो आकस नव्हता त्यांच्यावर विनोदाचा असा परिणाम दिसला नाही. म्हणजे असा विनोद नवा द्वेष पेरत नसेलही, पण मनात दबा धरून बसलेल्या द्वेषाला तो बाहेर यायला मुभा देतो. 'गंमत केली हो' या सबबीचे खरे काम हेच असते.

तरीही यावर कायद्याचा बडगा हा उपाय मला मान्य नाही. कॅनडात माइक वॉर्ड या विनोदी कलाकाराने आपल्या कार्यक्रमांत एका प्रसिद्ध बालगायकाच्या जन्मजात व्यंगावर विनोद केले होते. तेथील क्यूबेक प्रांताच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये त्या मुलाला ३५ हजार डॉलर भरपाई मंजूर केली. पुढे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ती रद्द ठरवली. त्या मुलाने काय सोसले असेल या विचाराने निकाल वाचताना मला वाईट वाटले, पण तो मला पटतो. मन दुखावणे एवढ्याच कारणासाठी शिक्षा होऊ लागली तर पहिला बळी सत्ताधाऱ्यांवर हसणाऱ्यांचा जाईल, कारण सर्वांत हळवे मन तेथेच असते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्येच म्हटले होते की लोकांना दुखावणारे, धक्का देणारे किंवा अस्वस्थ करणारे विचारही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतात. पद, धोरण, मत, दांभिकता यांवर कितीही कडक विनोद व्हावा. श्रद्धेच्या बाबतीत प्रश्न अवघड आहे हे मी मान्य करते. पण तेथेही एखादी समजूत तपासणारा विनोद वेगळा आणि ती मानणाऱ्या माणसांना एकजात मूर्ख किंवा घाणेरडे ठरवणारा विनोद वेगळा, आणि हा फरक ऐकणाऱ्याला बहुधा लगेच कळतो.

जे कायद्याने करू नये ते आपण आपसांत करायचे असते आणि त्याला फार धैर्यही लागत नाही. त्या दिवशी मी हसले नसते, शेजारची हसली नसती, तर तो चौथा 'प' ओढला गेला नसता. नंतर मी त्या सहकाऱ्यांची क्षमा मागितली. "सोडा हो, गंमत होती," असे म्हणून त्यांनीच माझी सुटका केली. समारंभात बोलायला मात्र ते त्यानंतर कधी उठले नाहीत.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विनोदाची एक चौकट असते. तिच्यात जाड्या बाईवरचे, बहिऱ्या म्हाताऱ्यावरचे, तोतऱ्या मुलावरचे चुटके अजूनही येतात. ते छापण्याचा आपला अधिकार मी नाकारत नाही. ते छापू नयेत अशी मात्र मनापासून विनंती आहे. आमच्या कार्यालयात सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती चौकट मोठ्याने वाचली जाते आणि ते गृहस्थ तेथेच बसलेले असतात.

आपली नम्र,
एक वाचक