एनसीच्या कागदावर पुढची वाट लिहा

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीने एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवला आहे. नवऱ्याने मारलं म्हणून ती पोलीस ठाण्यात गेली, तेव्हा तो मिळाला. त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२) आणि खाली एक ओळ: 'फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात आली.' आठ महिने तिने तो जपला. केस झाली आहे, आता कोर्टातून बोलावणं येईल, या भरवशावर.

बोलावणं येणारच नव्हतं. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पुढचं पाऊल बहिणीलाच टाकायचं होतं. शिवाय त्याला मुदत होती. ११५(२) ला जास्तीत जास्त १ वर्षाची कैद, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम ५१४ नुसार न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही १ वर्षाचीच. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं. 'कुणी सांगितलंच नाही' हे कारण तिने कोणत्या तोंडाने सांगायचं?

याच काळात मेहुण्यांना चॅप्टर केसची नोटीस आली. आता नोकरी जाणार, आपण गुन्हेगार ठरलो, असं त्यांच्या डोक्यात बसलं आणि रात्री ते आमच्या दारात येऊन ओरडले. चॅप्टर केस म्हणजे त्याच सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची कारवाई; ती शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्यासाठी असते, ती दोषसिद्धी नव्हे, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं. मी त्यांची बाजू घेत नाही. पण न कळलेल्या कागदाने दोन्ही घरं पेटतात, हे मी पाहिलं आहे.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा विषय निघाला तेव्हा आईच आडवी आली. "जावयावर गुन्हा घालायचा का?" तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढेच जातो. पण २००५ च्या या कायद्यातल्या कलम १२ च्या अर्जात मागायचं असतं ते संरक्षण, राहायला घर, खर्चाला पैसे. गुन्हा होतो तो संरक्षणाचा आदेश मोडल्यावर, कलम ३१ खाली. एवढं समजायला आम्हाला तीन वकिलांचे उंबरठे झिजवावे लागले.

पोटगीच्या अर्जासोबत उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा निकालात ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं. चांगलंच केलं. पण आमचा फॉर्म टायपिस्टने भरला आणि मासिक खर्चाचा रकाना कोराच राहिला. मुलाची फी, आजारपण, रिक्षा, सगळं तिथेच लिहायचं होतं.

साहेब, १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १३ सांगतं की तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही. म्हणजे माणसाने स्वतः उभं राहून बोलावं अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. मग त्याला आपण कशात उभे आहोत ते कळायला नको का?

माझी मागणी अर्ध्या पानाची आहे. एनसीच्या प्रतीमागे आणि कौटुंबिक वादातल्या प्रत्येक समन्ससोबत सोप्या मराठीत छापा: हे काय आहे, काय नाही, पुढे कुठे जायचं, किती दिवसांत. त्याखाली विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो ही ओळ. हा हक्क १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ ने दिलेला आहे. आम्हाला तो कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईकडून कळला. कुटुंब न्यायालयांसाठी १९८४ च्या कायद्याच्या कलम २३ खाली राज्य शासन नियम करू शकतं. एनसीसाठी गृह खात्याशी बोलावं लागेल, ते आपण बोलावं. दंडाधिकारी न्यायालयांच्या समन्ससाठी उच्च न्यायालयाला विनंती करावी.

बहिणीची तक्रार अकराव्या महिन्यात दाखल झाली. तिच्या एनसीची मागची बाजू मी पुन्हा एकदा पाहिली. तिथे भरपूर जागा आहे.

आपली,
एका पक्षकाराची मोठी बहीण