आपोआप गेलं म्हणून सोडू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जत्रांचा सीझन चालू झाला की तुमच्या पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या नाटकाची बातमी असते, कोणी काय काम केलं, गाणी कशी झाली, कोणाचं पाठांतर कच्चं होतं. ते वाचताना मला दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या देवळाच्या मांडवातल्या तालमी आठवतात म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. थोडं लांब होईल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

माझा धाकटा भाऊ तेव्हा 31 वर्षांचा होता. आमचं गाव फोंडा तालुक्यातलं, जत्रेला दरवर्षी नाटक होतंच आणि तो पाचवी सहावीत असल्यापासून त्यात काम करतोय. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल. त्या वर्षी तालमीत त्याचे शब्द तुटायला लागले. म्हणजे तोतरा बोलत नव्हता, विसरतही नव्हता, वाक्य त्याला पाठ होतं, पण एकेक अक्षर सुटं सुटं यायचं, पहिलीतलं पोर ओळीवर बोट ठेवून वाचतं ना तसं, आणि मधेच एखादा शब्द उगाच जोरात. जीभ जड झाल्यासारखी वाटते ताई, असं मला एकदा म्हणाला होता, मी म्हटलं झोप नाही होत तुझी, नोकरी करून रात्री बारा बारा वाजेपर्यंत तालीम, अजून काय होणार.

त्यात चालताना तोल जायचा. बोलणं जड आणि पाय हेलपाटणारे, आपल्या गोव्यात याचा एकच अर्थ लावतात. "तो सोरो घेवन तालमीक येता", हे वाक्य आमच्या आईच्या कानावर बाजारात आलं. ज्या मुलाने आयुष्यात थेंब घेतला नाही त्याच्याबद्दल. कामावर सुपरवायझरने पण एकदा बाजूला घेऊन तोंडाचा वास घेतला म्हणे, हे त्याने आम्हाला खूप नंतर सांगितलं. शेवटी त्याने आपणहून नाटकातलं ते काम सोडलं आणि दुसऱ्याला द्या म्हणाला. त्या रात्री तो घरी येऊन न जेवता झोपला ते मला अजून आठवतं.

आजार निघाला मल्टिपल स्क्लेरोसिस, एमएस म्हणतात त्याला. आम्ही नावही कधी ऐकलं नव्हतं. आणि मला जे सांगायचंय ते हेच की हा आजार त्या तालमीत सुरू झालाच नव्हता, तो चार वर्षं आमच्या डोळ्यासमोर होता, येत होता आणि जात होता, आणि दर वेळी गेला की आम्ही देवाला नारळ ठेवून मोकळे.

आधी डोळा. डाव्या डोळ्याने धूसर दिसायचं, डोळा फिरवला की आत दुखायचं, आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे लाल रंग फिका दिसायचा. आईच्या कपाळावरचं कुंकू एका डोळ्याने लाल आणि दुसऱ्याने विटलेलं, हे त्याने आम्हाला हसत हसत करून दाखवलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेला सूज आहे, फॉलोअपला या आणि एमआरआय करून घ्या. महिना दीड महिन्यात डोळा स्वच्छ झाला मग कशाला जायचं, एमआरआयचा खर्च कशाला. ती चूक आमची, डॉक्टरांची नाही. वर्षभराने कमरेपासून खाली मुंग्या, पाय बधीर, शर्टाच्या आत कोणीतरी पट्टा आवळलाय असं छातीभोवती वाटायचं. हाडांच्या डॉक्टरकडे गेलो, मणका असेल, बी ट्वेल्व्ह कमी असेल, गोळ्या घेतल्या, तीन आठवड्यांनी गेलं. ते गोळ्यांनी गेलं असं आम्ही धरून चाललो. आणि तिसरं तर त्याने कोणालाच सांगितलं नाही, मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. देवळात नमस्कार करायला वाकला की झटका. त्याला वाटलं हे देवाचंच काही असेल. आईने तेव्हा वेगळ्याच कारणासाठी कौल लावला होता आणि उजवा कौल मिळाला म्हणून सगळे निर्धास्त. मी कौलाला नावं ठेवत नाही, आमची श्रद्धा आहे, पण कौल घेऊन दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पण जायचं असतं.

न्यूरॉलॉजिस्टनी, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी, पहिल्यांदा बोलण्याबद्दल विचारलंच नाही, विचारलं की गेल्या पाच सहा वर्षांत असं काय काय झालं जे आपोआप बरं झालं. तेव्हा एकेक गोष्ट निघाली. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय केला तर काही डाग ताजे आणि काही जुने. पाठीतून पाणी काढून तपासलं. निदान याच्यावरच होतं म्हणे, की नसांच्या यंत्रणेत वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी मार बसलाय का.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं आवरण असतं, आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून त्याच्यावर हल्ला करते. घरातल्या वायरीवरचं प्लास्टिक उंदराने कुरतडावं तसं, मग दिवा कधी लागतो कधी लुकलुकतो. सूज उतरली, थोडं आवरण परत भरून आलं की दिवा परत लागतो, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. कुठे कुरतडलंय त्याच्यावर त्रास ठरतो, डोळ्याच्या नसेवर असेल तर दिसणं, छोट्या मेंदूत नाहीतर मेंदूच्या देठात असेल तर तोल आणि बोलणं. शंभरातल्या साधारण 85 जणांना सुरुवातीला असा येणारा जाणाराच प्रकार असतो. बहुतेक वेळा 20 ते 40 या वयात सुरू होतो, आणि बायकांना पुरुषांच्या दुप्पट तिप्पट होतो, म्हणजे बाळंतपण, घर, नोकरी यात "थकवा आहे" म्हणून जो त्रास आपण बायका ढकलत राहतो तो नेमका याच वयात. थकवा पण यात असतोच, तोसुद्धा असा की सकाळी उठतानाच अंगात जीव नाही.

बोलण्यावरून ओळख पटणं हे काही नवीन नाही. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी 1868 साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं त्यात तीन खुणा सांगितल्या होत्या, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, काही उचलायला जाताना हात कापणं आणि असं तोडून तोडून बोलणं. मात्र बोलण्यापासून सुरुवात थोड्याच जणांची होते, ते बहुतेक नंतर येतं. कोणाचा आवाज बारीक होतो, कोणाचा नाकातून येतो, कोणाला ओळखीचा शब्दच सापडत नाही, आणि काहींना तर काही सेकंदच जीभ वळत नाही आणि परत नीट, दिवसातून कितीतरी वेळा. असं तुटक बोलणं म्हणजे बुद्धीला काही झालंय असं नाही हो, शब्द काय म्हणायचाय ते त्या माणसाला पक्कं माहीत असतं, ओठ जीभ श्वास यांचा मेळ बसत नाही एवढंच.

आणखी एक, जे कळल्यावर मी रडले. भाऊ सांगायचा की दुपारी घरी पंख्याखाली म्हटलं तर बरं जमतं, पण लाइटखाली, मखमलीचा अंगरखा घातला की जीभ जाते. आम्ही म्हणायचो घाबरतोस तू. एमएसमध्ये अंग तापलं की त्रास वाढतो, उठॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे 1890 मध्ये लिहून ठेवलंय. खराब झालेल्या नसेतून उष्णतेत सिग्नल नीट जात नाही, अंग थंड झालं की परत जातो, नवीन नुकसान होत नाही. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात, गरम पाण्याच्या आंघोळीत, तापात हेच होतं. म्हणजे तो खरं बोलत होता.

आता घाबरवायला मी हे लिहीत नाही. मुंग्या आल्या म्हणजे एमएस असं अजिबात नाही, डायबिटीसने येतात, बी ट्वेल्व्हने येतात, आणि आपल्या देशात हा आजार युरोपच्या मानाने कमीच आहे. पण जो त्रास 24 तासांपेक्षा जास्त राहिला, दिवस आठवडे टिकला आणि गेला, आणि मग काही महिन्यांनी शरीराच्या दुसऱ्याच भागात काहीतरी झालं, तर दोन्ही एका कागदावर तारखेसकट लिहा आणि तो कागद न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. डोळ्यांच्या डॉक्टरला मुंग्या माहीत नसतात, हाडांच्या डॉक्टरला डोळा माहीत नसतो, दोन्ही माहीत असणारा माणूस घरचाच असतो. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये न्यूरॉलॉजी विभाग आहे, त्यासाठी मुंबई बेळगाव गाठायची गरज नाही.

आणि हे वेगळं सांगते कारण गल्लत नको. बोलणं एकाएकी, मिनिटात गेलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर तो लकवा समजा आणि सरळ 108 ला फोन करा, तिथे वाट बघायची नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेक वेळा साडेचार तासांच्या आतच देता येतं. एमएसमध्ये त्रास बहुतेक तासा तासाने दिवसा दिवसाने चढतो. पण घरबसल्या तुम्ही ठरवू नका.

भावाला स्टेरॉइडचं सलाईन पाच दिवस लावलं, तोल खूप सुधारला, बोलणं हळूहळू. आता पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून औषध चालू आहे. हा आजार मुळापासून घालवणारं औषध नाही, पण झटके कमी करणारं पहिलं इंजेक्शन अमेरिकेत 1993 साली मंजूर झालं, त्याच्या आधीच्या पेशंटना तेवढंही नव्हतं. जितक्या लवकर सुरू तितकं जास्त वाचतं असं डॉक्टर सांगतात, म्हणून ती कुंकवाची गोष्ट मला टोचत राहते. स्पीच थेरपिस्टकडेही जातो, श्वास कुठे घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं, हळू बोलायचं. घरी आम्ही टीव्ही बंद करतो तो बोलत असताना, आणि त्याचं वाक्य पुरं करायची घाई करत नाही, ही सवय लागायला मलाच वेळ लागला.

दिव्यांग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, हे पंचायतीत, बँकेत कितीतरी जणांना सांगावं लागतं. बाहेरून धडधाकट दिसतो ना, मग कसला दिव्यांग, असं बघतात. 30 मे हा जागतिक एमएस दिवस असतो, त्या दिवशी तुमच्या पेपरात एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून या सगळ्यावर साध्या मराठीत लेख लिहून घ्या अशी कळकळीची विनंती आहे. आणि गावोगावच्या नाट्यमंडळांना पण सांगायचंय, तुमच्यातला कोणी चांगला नट अचानक अडखळायला लागला तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारा, अजून काय काय होतंय म्हणून. आमच्याकडे कोणीच विचारलं नाही, मी पण नाही.

पत्राखाली माझं नाव आणि गावाचं नाव छापू नये. भावाने कामावर अजून आजाराबद्दल सांगितलेलं नाही, आणि कधी सांगायचं ते तोच ठरवणार आहे.

आपली,
एक वाचक, फोंडा तालुका