क्वी न्योनहून आईला पत्र

प्रिय आई,

बाबांना आणि आजीला नमस्कार सांग. चार दिवसांसाठी म्हणून आलेले ते आज तिसरा आठवडा लागला, मी अजून इथे व्हिएतनाममध्ये क्वी न्योनलाच आहे. काळजी करू नकोस, तब्येत एकदम छान आहे, उलट सिंगापूरला मिळत नव्हती तशी झोप इथे मिळतेय.

पहाटे पाचला अख्खं गाव समुद्रावर असतं, म्हातारी माणसं पोहतात, बायका व्यायाम करतात, आणि कोळी त्यांच्या त्या टोपलीसारख्या गोल होड्या घेऊन परत येतात. ऊन चढलं की सगळे घरी. मग मी कोपऱ्यावरच्या टपरीत बुटक्या स्टुलावर बसते, ग्लासवर पत्र्याचा छोटा फिल्टर ठेवून देतात, कॉफी थेंब थेंब खाली घट्ट गोड दुधावर पडत राहते, आणि तेवढा वेळ नुसतं रस्त्याकडे बघत बसायचं.

जेवायचं म्हणशील तर बान सेओ म्हणून एक प्रकार आहे, आपलं तांदळाचं घावनच गं, फक्त वर अख्खी कोळंबी, आणि ते पातळ राइस पेपरमध्ये पालेभाजी, काकडी घालून गुंडाळून चटणीत बुडवून खायचं. तुला शंभर टक्के आवडेल.

बाबांना सांग, गावातच विटांची दोन जुनी चाम देवळं आहेत, जुळी. चाम लोक शिवाला मानायचे आणि त्यांची राजधानी इथून जवळच होती, तिचं नाव चक्क विजय! 1471 मध्ये ती पडली. कोपऱ्यांवर दगडी गरुड आहेत, मी कितीतरी वेळ मान वर करून बघत उभी होते.

पण पत्र लिहायला बसले ते क्वी होआमुळे. डोंगराच्या पलीकडे समुद्रालगत कुष्ठरोग्यांची वसाहत आहे, 1929 पासूनची, एका फ्रेंच पाद्रींनी सुरू केलेली. मला वाटलं होतं बघून वाईट वाटेल, पण रंगीत बैठी घरं, झाडं, अंगणात वाळत घातलेले कपडे, एक आजोबा जाळं दुरुस्त करत बसलेले, बोटं झडलेली तरी दातात दोरी धरून गाठ मारत होते. त्यांनी हसून मला शेजारी बसायची खूण केली, मी अर्धा तास बसले, एकमेकांची भाषा येत नव्हती तरी. आणि मला आनंदवनच आठवलं आई, आपण वरोऱ्याला गेलो होतो तेव्हा मी दुसरीत होते आणि तिथल्या मावशींनी हात पुढे केला तर मी तुझ्यामागे लपले होते, तू काहीच बोलली नाहीस, फक्त स्वतः त्यांचा हात हातात घेतलास. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही.

हान माक तू नावाचा व्हिएतनामचा मोठा कवी इथेच क्वी होआला 1940 मध्ये गेला, अवघ्या 28 व्या वर्षी, याच आजाराने. रोगावर खात्रीचं औषध आलं ते त्यानंतर. त्याची समाधी आता गावाजवळच्या टेकडीवर आहे, लोक अजून फुलं ठेवून जातात, मी पण ठेवली.

रविवारी परत क्वी होआला जाणार आहे, आजोबांसाठी केळीच्या पानातले खोबऱ्याचे गोड बान इत घेऊन. दिवाळीला घरी आले की आपण दोघी वरोऱ्याला जाऊया का? आजीला पण विचार.

तुझी,
छोटी