शाहू जयंतीचा पहिला हार

महोदय,

येत्या २६ जूनला कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार घातले जातील, तेव्हा १९०२ मधील पन्नास टक्के राखीव जागांचा उल्लेख होईलच. परंतु स्त्रियांसाठी महाराजांनी केलेले कायदे भाषणांतून सहसा निसटतात, याची खंत वाटते. १९१७ मध्ये त्यांनी विधवाविवाहाला कायद्याचे पाठबळ दिले आणि १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाला कायद्यानेच पायबंद घातला. स्वतःच्या घरातही ते तसेच वागले. १९१८ मध्ये पुत्र शिवाजी यांचे अपघाती निधन झाले, त्यानंतर कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या सून इंदुमतीदेवींना त्यांनी विरोध न जुमानता कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवले.

वडील गेल्यानंतर माझी आई हळदी-कुंकवाच्या दिवशी शेजारच्या उंबऱ्याबाहेर, हातातली वाटी पदराआड धरून, उभी राहत असे. म्हणूनच २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला रडू आवरले नाही.

यंदा जयंतीचा पहिला हार विधवा भगिनींच्या हस्ते घालावा आणि वरील कायदे शाळांतून वाचून दाखवावेत, अशी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर